बाना कोणाच्या दारात वाजतो?

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला आपल्या मंडळाने गोंडी लोककथांचं अभिवाचन केलं होतं, आठवतं का? सात भावांची गोष्ट, अंधार केलेलं सभागृह आणि मागून येणारा तो कातर सूर. कार्यक्रम संपल्यावर तीन-चार जणांनी मला विचारलं, "ती सारंगी कोण वाजवत होतं रे?" मी ऐटीत म्हणालो, "मीच!"

ते अर्धंच खरं होतं. वाजवत होतो मीच, पण सारंगी नव्हती आणि गजही नव्हता. माझ्यापुढे एक लॅपटॉप होता, दोन सप्तकांचा छोटा मिडी कीबोर्ड होता आणि सॅम्पलवर चालणारी दोन व्हर्च्युअल वाद्यं होती. एक सारंगीचं, एक व्हायोलिनचं. दोन्ही मिसळून, वरची धार थोडी कापून मी 'बाना' तयार केला होता. टाळ्या मिळाल्या. कोणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

खटकलं ते नंतर, गावी गेल्यावर. त्याबद्दलच हे लिहितोय. कारण यंदाच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली आहे आणि परवाच्या बैठकीत कोणीतरी सहज म्हणालं, "संगीताचं टेन्शन नाही, लॅपटॉपवर होऊन जाईल." मला वाटतं, टेन्शन घ्यायला हवं. थोडं तरी.

माझं गाव परसवाड्याकडचं. परसवाडा म्हणजे बालाघाट जिल्ह्यातला तालुका. पुढे बैहरचं पठार, साल आणि साजाची जंगलं. नकाशात आम्ही मध्य प्रदेशात आहोत, पण १९५६ पर्यंत आमचीही राजधानी नागपूरच होती. आजही दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता म्हटलं की गोंदिया-नागपूरची वाट धरणारी घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत. घरात पोवारी, बाजारात हिंदी, नातेवाइकांत झाडीबोली, आणि आजूबाजूच्या गावांत गोंड, बैगा, परधान. असं आमचं मिसळणाचं जग.

बाना हे परधानांचं वाद्य. तीन तारांचं, गजाने वाजवायचं. लाकूड कोरून पोट केलेलं, त्यावर चामडं मढवलेलं, आणि तारा परंपरेने घोड्याच्या केसांच्या. गजालाही घोड्याचेच केस. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूरकडचे परधान जी किंगरी वाजवतात ती याच कुळातली. परधान हे गोंडांचे गाथा गाणारे. ठरावीक वर्षांनी ते आपल्या गोंड यजमानांच्या घरी जातात, त्यांच्या कुळाची, राजांची, देवांची गाणी गातात, आणि यजमान त्यांना धान्य, कपडे, पैसे, कधी जनावर देतो. सात भावांची ती गोष्ट यातूनच आलेली आहे. गावागणिक तिची रूपं बदलतात, पण गाभा असा की रुसलेला बडादेव साजाच्या झाडात होता, आणि धाकट्या भावाने बाना वाजवला तेव्हा तो प्रसन्न झाला. तो धाकटा पहिला परधान. म्हणून बाना हे नुसतं साथीचं वाद्य नाही. त्यात देवाचा वास आहे असं ते मानतात.

हे सगळं मी आपल्या कार्यक्रमाच्या निवेदनात लिहिलं होतं. छान वाचलंही गेलं. आणि मग त्याच बान्याच्या जागी मी लॅपटॉप लावला.

उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या परधान बाबांना मी ते रेकॉर्डिंग फोनवर ऐकवलं. लहानपणापासून ओळख. आमच्या आज्याच्या वेळेपासून त्यांचं घरी येणंजाणं. ते आता फारसे फिरत नाहीत. मुलगा मजुरीला बाहेर असतो, बाना घरात खुंटीला असतो. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले (त्यांच्या बोलीतलं मी आपल्या झाडीकडच्या मराठीत सांगतो), "बरा वाजवते. पण बाबू, हा सास कधी घेते?"

श्वास! मी चमकलो. कारण खरोखरच माझा 'बानावाला' अडीच मिनिटांत एकदाही श्वास घेत नव्हता.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "आन् हा कोणाच्या दारात वाजवून राहिला?"

पहिला प्रश्न मला लगेच कळला. दुसरा कळायला पूर्ण सुट्टी गेली.

आधी पहिल्याबद्दल. आपल्यातले बरेच जण मोबाइलवर गाणी 'बनवतात', त्यामुळे थोडं तांत्रिक बोललो तर चालेल.

सॅम्पल म्हणजे खऱ्या वाद्याचा रेकॉर्ड केलेला एकेक सूर. वादक स्टुडिओत बसून प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात वाजवतो. ते सगळे तुकडे कीबोर्डच्या पट्ट्यांना जोडले जातात. तुम्ही पट्टी दाबली की तो तुकडा वाजतो. पियानोला हे छान जमतं, कारण पियानोतही बोटाचं काम पट्टी दाबली की जवळजवळ संपतंच. हातोडी तारेवर आपटली, पुढचं सगळं तारेच्या हाती.

गजवाद्याचं तसं नाही. गजाचे केस राळेमुळे चिकट असतात. ते तारेला पकडून ओढतात, तार निसटते, पुन्हा पकडली जाते. सेकंदाला ३०० कंपनांचा सूर असेल तर हे पकडणं-निसटणं सेकंदाला ३०० वेळा होतं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हे उलगडून दाखवलं. म्हणजे सूर चालू आहे तोवर वादकाचा हात त्या सुरात आहे. गजाचा दाब, वेग, तारेवरची जागा यातलं काहीही जरा बदललं की आवाज बदलतो. सूर सुरू करून हात काढून घ्यायची सोय नाही. सॅम्पलमध्ये मात्र हात कधीच निघून गेलेला असतो. मागे राहिलेला असतो त्याने एका दुपारी, दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठी ओढलेला सूर.

बाबांचा प्रश्न ऐकल्यावर मी हट्टाला पेटलो. त्यांची परवानगी घेऊन फोनवर त्यांचं थोडं वादन रेकॉर्ड केलं आणि रात्री ते ऐकत माझं काम सुधारायला बसलो. काय काय चुकलं होतं ते सांगतो, म्हणजे ज्यांना करून पाहायचंय त्यांना उपयोगी पडेल.

एक, माझा प्रत्येक सूर सारखाच सुरू होत होता. बाबांच्या वादनात चाल जेमतेम पाच सुरांची, पण गज कधी बाहेर जाताना, कधी आत येताना, आणि दोन्हींचा आवाज वेगळा. एकाच सुरावर गज तीनदा फिरतो तेव्हा ते तीन वेगळे शब्द असतात. मी डाव्या हाताची चाल पाठ केली होती, उजव्या हाताकडे लक्षच दिलं नव्हतं. मग सगळी चाल कागदावर लिहून प्रत्येक सुराखाली गजाची दिशा मांडली, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गजासाठी वेगवेगळी सॅम्पलं लावली. आवाजाचा चढउतार पट्टी किती जोरात दाबली यावर सोडला नाही. प्रत्येक गजासाठी कीबोर्डवरचं चाक हाताने फिरवलं. निम्मा कृत्रिमपणा इथेच गेला.

दोन, मी सगळं ताल-जाळीवर चिकटवलं होतं. नंतर ते ढिलं करायला 'ह्युमनाइझ' नावाचं बटण दाबलं. ते काय करतं? प्रत्येक सूर थोडा मागेपुढे फेकतं, कसंही. पण माणूस कसाही मागेपुढे होत नाही. बाबा उशीर करतात कारण ओळीचा शेवटचा शब्द लांब आहे. घाई करतात कारण श्वास संपत आलाय. मशीनच्या चुकीला कारण नसतं, माणसाच्या चुकीला असतं. तेव्हा मी बटण बंद केलं, गाणं स्वतः तोंडाने म्हणत कीबोर्ड वाजवला आणि जिथे श्वास घेतला तिथे गज उचलला.

तीन, स्वर. कीबोर्डचे बारा स्वर ठरलेले. बाबा आधी गुणगुणतात आणि त्या दिवशी गळा जिथे असेल तिथे तारा लावतात. सकाळचा सा आणि रात्रीचा सा एक नव्हता. दमट हवेत केसांची तार सैल पडते ते वेगळंच. दोन सुरांमधली घसरण तर कीबोर्डवर असूच शकत नाही, ती वेगळ्या चाकाने आणावी लागते. मिडीमध्ये त्या चाकाचे १६,३८४ टप्पे असतात. भरपूर आहेत. पण टप्पे कितीही असले तरी कुठून घसरायचं आणि कुठे थांबायचं हे चाकाला माहीत नसतं.

चार, जागा. मी सगळ्यावर मोठ्या सभागृहाचा घुमारा चढवला होता. त्याने ते सिनेमासारखं झालं. बाना वाजतो शेणाने सारवलेल्या ओसरीवर. तिथे घुमारा नसतो. कोंबड्या असतात, पोरं असतात, आणि गजाची खरखर स्पष्ट ऐकू येते. ती खरखर मी आधी 'नॉइज' म्हणून पुसली होती! ती परत आणली.

आठवडाभर राबलो. आणि प्रामाणिकपणे सांगतो, बरंच जमलं. दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा बाबा हसले. "आता सास घेते," म्हणाले. माझी कॉलर ताठ. मग पुन्हा तेच: "पण कोणाच्या दारात?"

इथे मला माझं पहिलं मत मांडायचंय. पारंपरिक गजवाद्य सॅम्पलमधून हुबेहूब करण्याचा प्रयत्न वाईट नाही. उलट तो जरूर करावा. त्या आठवड्यात मी बाना जितका ऐकला तितका आधीच्या वीस वर्षांत ऐकला नव्हता. नक्कल करायला बसलं की कान उघडतात. "लोकसंगीतात संगणक नको" असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते बोलणं सोपं असतं, आणि बहुतेक वेळा ते म्हणणारेही बाना ऐकायला गेलेले नसतात.

पण नक्कल जमली म्हणून प्रश्न सुटतो का? आपल्याकडे हा वाद काही आज आलेला नाही. पेटीचंच बघा. हार्मोनियमच्या पट्ट्या ठरलेल्या, तिच्यावर मींड निघत नाही, ती आपल्या संगीताचा गळा घोटते, असं म्हणत १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. रेडिओवर बंदी, पण बाहेर? नाटकात पेटी, कीर्तनात पेटी, आणि कितीतरी देवळांत आणि चर्चमध्येही पेटी. गायकाच्या मागे वर्षानुवर्षं सारंगी असायची, तिथे हळूहळू पेटी आली. पेटी सारंगीसारखी वाजते म्हणून आली का? अजिबात नाही. ती लवकर शिकता येते, पुन्हा पुन्हा लावावी लागत नाही, कोणाच्याही घरी असते, म्हणून आली. सारंगिये मागे पडले ते नक्कल चांगली होती म्हणून नव्हे, तर पर्याय सोयीचा होता म्हणून.

मुंबईच्या सिनेसंगीताचंही तेच. एकेकाळी हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत ताफ्याने व्हायोलिनं वाजायची, आणि ती वाजवणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले. त्यातल्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाजलेल्या गाण्यात गुरूचं नाव आलं. पुढे सिंथेसायझर आला, मग सॅम्पल आले, आणि ताफे विरत गेले. पहिल्या सिंथेसायझरचं व्हायोलिन ऐका, हसू येईल इतकं खोटं आहे. तरी ते चाललं. स्वस्त होतं, आणि रात्री अकरालाही हजर होतं.

म्हणून 'हुबेहूब होतं की नाही' हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. आपल्या सभागृहात बाना ऐकलेले कितीजण होते? त्यांच्यासाठी माझी पहिली, श्वास न घेणारी आवृत्तीही खरीच होती. ऐकणाऱ्याला फरक कळत नसेल तर खऱ्याची जागा घ्यायला फार चांगली नक्कल लागतच नाही. भीती आहे ती इथे.

आता बाबांचा दुसरा प्रश्न. परधान गातो तेव्हा समोर एक घर असतं. त्या घराचं कुळ, त्या घराचे मेलेले, त्या घराचा देव. कुठली ओळ लांबवायची, कोणाचं नाव दोनदा घ्यायचं, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. घरात नुकतं कोणी गेलं असेल तर गज वेगळा चालतो. 'कोणाच्या दारात' याचं उत्तर माहीत असल्याशिवाय त्यांच्या लेखी वादन सुरूच होत नाही. माझ्या रेकॉर्डिंगला दार नव्हतं. ते हवेत वाजत होतं.

आणखी एक गोष्ट घडली. रेकॉर्डिंग करताना बाबांनी सुरुवातीचा एक भाग, देवाला बोलावण्याचा, फोन बंद करायला लावून वाजवला. "हे खेळायचं नाही," एवढंच म्हणाले. मी बंद केला. तो भाग माझ्याकडे नाही, आणि नसावाच. आपल्या चॅपेलमध्ये प्रार्थना चालू असताना कोणी मागच्या बाकावरून आवाजाचे 'नमुने' गोळा करायला लागलं तर आपल्याला कसं वाटेल? सॅम्पलच्या जगात कुठलाही आवाज हा कच्चा माल असतो. पण ज्यांचा तो आवाज आहे, त्यांच्यासाठी त्यातलं काही कच्चा माल नसतं. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मग बाना खुंटीलाच राहू द्यायचा का? इथे त्याच घरातल्या एका पोराचं सांगायला हवं. बाबांचा नातू, अकरावीला. बाना शिकायला त्याने कंटाळा केलेला. आजोबा ओरडतात, हा फोनमध्ये. मी कीबोर्ड काढल्यावर मात्र शेजारी येऊन बसला. "दादा, मी बघू?" दिला. मला आठवडाभर जे जमत नव्हतं ते त्याने पंधरा मिनिटांत केलं. चाक कसं फिरवायचं हे मी दाखवलं, पण कुठे फिरवायचं हे त्याला माहीत होतं. कारण गाणं त्याच्या कानात जन्मापासून होतं. कुठल्या शब्दावर आजा थांबतो, कुठे गज दाबतो, सगळं. त्याच मशीनमधून, त्याच सॅम्पलमधून निघालं, आणि आतून बाबांचा आवाज आला, "हां!" नुसतं "हां". मला एवढं कधी मिळालं नव्हतं.

तेव्हा मला जनगढसिंह श्याम आठवले. पाटनगढचे परधान, आता दिंडोरी जिल्ह्यात येतं ते गाव. १९८० च्या सुमारास चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या चमूला भिंतीवरची त्यांची चित्रं दिसली, ते भोपाळला आले, १९८२ मध्ये सुरू झालेल्या भारत भवनात काम करू लागले, १९८९ मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा मृत्यू झाला. पण त्यांनी घातलेल्या वाटेने कितीतरी परधान चित्रकार झाले. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये. गाणाऱ्यांच्या घरातली माणसं ब्रश, कागद, कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग घेऊन आपल्याच देवांच्या आणि झाडांच्या गोष्टी सांगू लागली. साधन पूर्ण बदललं. कोणी म्हणालं का, की ॲक्रिलिकमुळे परंपरा खोटी झाली? नाही. कारण हात त्यांचा होता आणि सही त्यांची होती.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच आहे: सॅम्पल खरं की खोटं हे वाद्यावरून ठरत नाही, पट्टीवर कोणाचं बोट आहे आणि नाव कोणाचं लागतं यावरून ठरतं. माझ्या बोटाखाली तो बाना ही एक प्रामाणिक कसरत होती. "कोण वाजवत होतं?" याला "मीच" असं उत्तर दिलं त्या क्षणी ती अप्रामाणिक झाली.

कोणी म्हणेल, आपण साहित्याचं मंडळ, आपल्याला वाद्यांशी काय? पण परधानांची गाथा आपल्यापर्यंत आणणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. शामराव हिवाळे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून व्हेरियर एल्विन यांच्यासोबत १९३२ मध्ये ते मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गेले आणि तिथेच राहिले. दोघांनी मिळून गोंडांची गाणी गोळा केली, आणि १९४६ मध्ये शामरावांचं वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. शामराव आठ दिवसांच्या सुट्टीत रेकॉर्डर घेऊन गेले नव्हते. ते त्या लोकांत राहिले, त्यांच्या दारात बसले. आपल्यासारख्या संस्थेतल्या पोरांनी हा वारसा सांगायचा असेल, तर कार्यक्रमाच्या मागे वाजणाऱ्या अडीच मिनिटांपासूनच सुरुवात करावी.

म्हणून मंडळापुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. एक, वादक मिळण्यासारखा असेल तिथे लॅपटॉप लावायचा नाही. बालाघाट, यवतमाळ, चंद्रपूर काही सातासमुद्रापार नाहीत. येण्याजाण्याचं भाडं, राहण्याची सोय आणि नीट मानधन, एवढं आपल्या वार्षिक वर्गणीत बसवता येईल. स्टेजच्या सजावटीवर थोडा हात आखडला की झालं. दोन, लॅपटॉप लावावाच लागला, तर निवेदनात स्पष्ट सांगायचं: हा बाना नाही, बान्यासारखा आवाज आहे, आणि चाल अमक्यांकडून ऐकलेली आहे. त्यांनी होकार दिला असेल तर त्यांचं नाव घ्यायचं. तीन, आपण कोणाचा आवाज रेकॉर्ड केला तर आधी विचारायचं, मोबदला द्यायचा, एक प्रत त्यांच्या घरी ठेवायची, आणि "हे नको" म्हटलं की फोन बंद करायचा. यात कायद्याचं फार काही नाही, पाहुण्याने पाळायची रीत आहे.

चौथी गोष्ट मंडळाची नाही, माझी. तो छोटा कीबोर्ड मी त्या पोराकडे ठेवून आलोय. आजोबा म्हणाले, "एक दिवस हा वाजवायचा, एक दिवस बाना." सौदा झालाय. तो किती पाळला जातोय ते दिवाळीत कळेल.

आणि गेल्या वर्षी मला विचारणाऱ्या त्या तीन-चार जणांना आता नीट उत्तर देतो. सारंगी कोणीच वाजवत नव्हतं. कोण्या अनोळखी वादकाचे सूर होते, एका परधान घराची चाल होती, आणि मी फक्त पट्ट्या दाबत होतो.